बेक्कूचा उपास

"सकाळी दूध-भाकरी. भाकरी ताजी घालायची नाही, कालची. दुपारी दहीभात, त्याच्यावर चिमूटभर शेंगाचटणी तुपात कालवून. संध्याकाळी नुसतं दूध. ह्याच्याबाहेर काही नाही. लिहून ठेवलंय की सगळं."

घरमालक चनमल्लप्पांनी वहीचा एक कागद भाडेकरू मानसिंगच्या हातात दिला. रविवारची सकाळ. बाहेर टांगा उभा होता. वळकटी आणि ट्रंक वर चढली होती आणि त्यांची बायको नीलव्वा, म्हणजे अव्वा, ट्रंकेवर हात ठेवून बसल्या होत्या. अव्वांच्या भावाच्या मुलीचं लग्न अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावात होतं. आठ दिवस तरी परत यायचं नाव नव्हतं. हा सगळा निरोपाचा कार्यक्रम उंबऱ्यावर बसून एक पांढरी मांजर बघत होती. सगळी पांढरी, शेपटीच्या टोकाला तेवढा काळा गोंडा. तिचं नाव बेक्कू. बेक्कू म्हणजे कानडीत मांजरच. सात वर्षांपूर्वी ती घरात आली तेव्हा चांगलं नाव सुचेपर्यंत म्हणून तशी हाक मारायला लागले, आणि चांगलं नाव काही सुचलं नाही.

टांग्यापर्यंत गेलेले चनमल्लप्पा, म्हणजे आप्पा, परत आले. "आणि एक. आमची बेक्कू पूर्ण शाकाहारी हाय. सात वर्षांत उंदराला तोंड लावलेलं नाही तिनं."

"मग उंदराचं काय करते?" मानसिंगनं विचारलं.

"बघते."

एवढं सांगून आप्पा टांग्यात चढले आणि चढता चढता मुद्द्याचं बोलले. "आल्यावर मागची खोली मोकळी करून देतो तुम्हाला. चूल मांडा, सूनबाईला आणा. पण बेक्कूला जपा. तुम्ही जनावरांच्या खात्यातले, म्हणून तर तुमच्यावर टाकून चाललोय."

साल चौऱ्याहत्तर. सोलापुरात तेव्हा घड्याळ असलेला माणूससुद्धा गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचा, आणि लग्न झालेला कारकून खोली मिळेपर्यंत ब्रह्मचारीच असायचा. मानसिंगचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. बायको सोजर मोडनिंबला त्याच्या आईजवळ. हा इथे चनमल्लप्पांच्या पुढच्या खोलीत, एक कॉट आणि एक स्टोव्ह घेऊन. दर पंधरवड्याला तो शनिवारी एसटीनं जायचा, रविवारी परत यायचा, आणि येताना मागच्या सीटवर बसून गाव दिसेनासं होईपर्यंत काचेतून बघत राहायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या मार्गावरच्या कंडक्टरांना माहीत होतं. आठवड्यातून एकदा आईचा डबा त्याच कंडक्टरांच्या हाती यायचा. डब्यात भाकरी, शेंगाचटणी, कधी धपाटी, आणि तळाशी सोजरचं चार ओळींचं पत्र.

डब्यात मटण मात्र कधी नसायचं. चनमल्लप्पांनी खोली देतानाच अट घातली होती. "आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. बाहेर काय खाता ते मी विचारत नाही." मानसिंग सरळ माणूस. तो रविवारी मटण खायचा, पण त्यासाठी सायकल मारत पार एसटी स्टँडजवळच्या खाणावळीत जायचा. खरं म्हणजे घराच्या बरोबर मागच्या बोळात केराबाईची खाणावळ होती. गिरणीची माणसं तिथे जेवायची आणि बुधवारी-रविवारी तिच्या रश्श्याचा वास मानसिंगच्या उशीपर्यंत यायचा. पण मागच्या दारात नीलव्वा धान्य निवडत बसलेल्या असत. त्यांच्या डोळ्यांदेखत तिथे शिरायची मानसिंगची छाती नव्हती.

आणि जनावरांचं खातं म्हणाल, तर तो पशुसंवर्धन खात्यात कारकून होता. कुठल्या गावात किती मेंढ्यांना जंताचं औषध पाजलं याचे तक्ते त्याच्या हातून जायचे. पाच वर्षांच्या नोकरीत त्यानं हजारो मेंढ्या लिहिल्या होत्या. हात एकीलाही लावला नव्हता.

टांगा वळला तसं मानसिंगनं काम हातात घेतलं. मांजर पळून जाऊ नये म्हणून मागच्या दाराला अडसर घातला, मोरीच्या भोकाला वीट लावली, खिडकी दोरीनं आवळून बांधली. मग यादी खिळ्याला टांगून बशीत दूध-भाकरी कुस्करली. बेक्कूनं बशीचा वास घेतला, मानसिंगकडे पाहिलं आणि जाऊन मागच्या दाराशी बसली.

दुपारचा दहीभातही तसाच. शेंगाचटणीचा वास घेऊन ती दोनदा शिंकली आणि पुन्हा दाराशी जाऊन बसली. संध्याकाळच्या दुधाला तिनं जीभ लावली, पण ती सुद्धा यजमानाचं मन राखायला लावावी तेवढीच. "अव्वांची आठवण येत असेल," मानसिंगनं स्वतःची समजूत घातली. त्याला स्वतःला सोजरची यायची, तेव्हा त्यालाही जेवण जायचं नाही. राहिलेलं अन्न टाकवेना. दुष्काळ नुकताच सरला होता, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची चव अजून जिभेवरून गेली नव्हती. त्यानं ती दूध-भाकरी आणि दहीभात स्वतःच खाल्ला. बरा लागला.

मंगळवारपर्यंत हाच क्रम चालला. मांजर वाळत चाललं आणि मानसिंगची पँट कमरेत घट्ट झाली. दुपारी मानसिंग कचेरीतून जेवायला घरी यायचा, तेव्हा बाराचा भोंगा झाला की बेक्कू मागच्या दाराला नखं लावायची आणि असा सूर काढायची की ऐकवत नसे. त्यात मंगळवारी डबा आला. तळाशी पत्र होतं. 'मांजराला जपा. मी ट्रंक भरून ठेवली आहे. तुमच्या आईंनी दोन पातेली काढून दिली आहेत. आता परत उघडायला लावू नका.'

मानसिंगनं पत्र दोनदा वाचलं आणि बेक्कूच्या बरगड्यांकडे बघितलं. त्या मोजता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यानं शिपाई बिरप्पाला विचारलं. बिरप्पा सांगोल्याकडचा धनगर. मेंढ्यांत जन्म गेलेला.

"मांजर तीन दिस खाईना? मग दुसरीकडं खात असंल की."

"अरे, दार बंद आहे. उंदीरसुद्धा आत येऊ शकत नाही."

"मग सायबाला इचारा. मला मेंढरातलं कळतं. मांजराचं आमच्यात कोन बघत न्हाई, तेच आमाला बघतं."

साहेब म्हणजे डॉक्टर हिंदुराव. धिप्पाड माणूस, बैलाच्या घशात कोपरापर्यंत हात घालणारा. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. गाय, म्हैस, घोडा, डुक्कर, उंट, अगदी हत्तीला सुद्धा चार पानं होती. मांजराचं अर्धं पान शेवटी सापडलं. डॉक्टर ते वाचत गेले आणि त्यांच्या भिवया वर चढत गेल्या.

"यादी बघू," ते म्हणाले.

मानसिंगनं यादी दिली.

"दूध. मोठ्या मांजराला दूध पचत नाही, हगवण लागते. शेंगाचटणी. त्यात लसूण. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला वाईट. तिखटाचं तर विचारूच नका. भाकरी, भात, यानं पोट भरेल, पण नुसत्या त्याच्यावर जगणार नाही." डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. "मानसिंगराव, हा प्राणी मांसाहारी आहे. सात वर्षं ह्या यादीवर ते जगलं असेल तर त्याला आपल्या खात्यातर्फे हार घातला पाहिजे. आजच्या आज मटण द्या. बिनमसाल्याचं."

"पण साहेब, घरमालक लिंगायत. घरात अंडंसुद्धा नाही."

"मग घरमालकाला येऊन मेलेलं शाकाहारी मांजर दाखवा."

मानसिंग जागेवर येऊन बसला. मटण घरात न्यावं तर अट मोडते आणि खोली जाते. न न्यावं तर मांजर जातं आणि खोली जाते. विचार करता करता त्याला आप्पांचंच वाक्य आठवलं. बाहेर काय खाता ते मी विचारत नाही. आता हे वाक्य भाडेकरूला लागू, तर मांजरालाही लागू. मटण घरात न्यायचं नाही. मांजर मटणाकडे न्यायचं. त्यानं अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा लिहिली, कारण 'घरगुती', आणि बिरप्पाला बरोबर घेतलं. डॉक्टरांनी सही करताना 'घरगुती' शब्द खोडून 'खात्याचे काम' असं लिहिलं.

बेक्कूला बाजाराच्या कापडी पिशवीत घालताना दोघांच्या हातांवर मिळून अकरा ओरखडे उठले. मानसिंग सायकलवर, मागे कॅरियरवर पिशवी उराशी धरून बिरप्पा. कोपऱ्यावर तिप्पण्णाचं किराणा दुकान होतं आणि तिप्पण्णा चनमल्लप्पांचा चुलत चुलत भाऊ. त्याच्या नजरेतून आजवर गल्लीतलं काही सुटलेलं नव्हतं.

"काय मानसिंगराव, कचेरी नाही आज? पिशवीत काय?"

"भाजी," मानसिंग म्हणाला.

पिशवीच्या तोंडातून काळा गोंडा बाहेर आला होता आणि डावीकडून उजवीकडे हलत होता. तिप्पण्णानं चष्मा कपाळावर चढवला.

"वांगं हाय का?"

"व्हय," बिरप्पा म्हणाला.

"ताजं दिसतंय," तिप्पण्णा म्हणाला आणि गोंडा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

मानसिंगनं सायकल दामटली. दोन गल्ल्या गेले असतील नसतील, तोच बाराचा भोंगा झाला. पिशवीत जणू वीज शिरली. बिरप्पा एवढा मेंढरं धरलेला गडी, पण पिशवी त्याच्या हातात राहिली आणि मांजर हवेत गेलं. एका टांग्याखालून, एका चादरीच्या गठ्ठ्यावरून, एका भिंतीवर, आणि भिंतीपलीकडे नाहीसं झालं.

त्यानंतरचे दोन तास मानसिंग जन्मभर विसरला नाही. उन्हात गल्ली गल्ली फिरून तो "बेक्कू, बेक्कू" अशा हाका मारत होता. आता ज्या वस्तीत निम्मी घरं कानडी बोलतात, तिथे भर दुपारी एक माणूस "मांजर, मांजर" असं ओरडत फिरायला लागला तर जे व्हायचं तेच झालं. बायका दारात आल्या.

"कुठलं मांजर पाहिजे?"

"पांढरं. हरवलंय."

"पांढरं नाही, करडं आहे. चालेल का? नेताय तर दोन न्या."

एकीनं तर तीन पिल्लं त्याच्या पिशवीत टाकली सुद्धा. ती परत करता करता मानसिंगला घाम फुटला. तिथून एक म्हातारा मागे लागला. ह्या दोघांचा मांजरं गोळा करायचा धंदा आहे असं त्याचं ठाम मत झालं होतं आणि तो ते मोठ्यानं सांगत चालला होता.

अडीच वाजता मानसिंगनं हात टेकले. घरामागच्या बोळात त्यानं सायकल भिंतीला लावली आणि खाली बसला. त्याला रडू येत होतं. मांजरासाठी येत होतं की त्या भरून ठेवलेल्या ट्रंकेसाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सोजरला काय लिहायचं? ट्रंक उघड, पातेली परत दे, मांजर गेलं.

"सायेब, चार घास खाऊ," बिरप्पा म्हणाला. "हितंच हाय की खानावळ."

"चल. आता कुणापासून लपवायचं राहिलंय."

इथे राहायला आल्यापासून पंधरा महिन्यांत पहिल्यांदाच मानसिंग केराबाईच्या खाणावळीत शिरला. जेवणारे उठून गेले होते. कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेली केराबाई चुलीपुढे परात पुसत होती. ह्यांना बघून तिनं पाट टाकले. मानसिंग पाण्याच्या माठाकडे वळला आणि तिथेच थबकला. माठाच्या तिवईखाली, थंडाव्याला, बेक्कू बसली होती. एक पाय वर करून पोट चाटत होती. पोट चांगलं टम्म होतं.

"ही?" केराबाई म्हणाली. "ही आमची ठकी. सात वरसं हितंच जेवती. बाराचा भोंगा झाला की त्या मागच्या मोरीतनं येती, दोन वाजता जाती. तीन दिस आली न्हाई. मला वाटलं, गाडीखाली गेली. आन् आज आली ती अशी तुटून पडली म्हनता. कुन्या मेल्यानं कोंडून घातली व्हती कुनास ठावं."

कुणी कोंडलं होतं ते ठाऊक असलेले दोघं जण माठाकडे बघत राहिले.

"काय खाते ती?" मानसिंगनं विचारलं.

"रोज बोंबलाची डोकी. आज बुधवार, मटन. पर मी धुवून देती. मसाला न्हाई सोसत तिला. कांदा-लसूण तर मुळीच न्हाई. दुधानं बी पोट सुटतं तिचं."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? सात वरसं समोर बसून खाती की."

बिरप्पानं मानसिंगकडे बघितलं. डॉक्टरांच्या पुस्तकातलं अर्धं पान केराबाईनं न वाचता पाठ करून ठेवलं होतं. मानसिंग त्या दिवशी पोटभर जेवला. घरी आल्यावर मोरीची वीट काढली, अडसर काढून कोपऱ्यात उभा केला आणि सोजरला लिहिलं, 'ट्रंक उघडू नको.'

पुढच्या सोमवारी टांगा परत आला. बेक्कू उंबऱ्यावर बसलेली होती. पांढरी स्वच्छ, गोंडा फुललेला. आप्पांनी तिला उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"यादीप्रमाणं दिलं सगळं?"

"यादीतलं काही शिल्लक राहिलं नाही," मानसिंग म्हणाला, आणि ते खरंच होतं.

"जनावरांच्या खात्यातला माणूस म्हणजे काय," आप्पा नीलव्वांना म्हणाले. "मागची खोली आजच मोकळी करून देऊ यांना."

दुपारी आप्पा वामकुक्षीला गेले तशी नीलव्वांनी मानसिंगला मागच्या दारी बोलावलं. आवाज अगदी खाली आणला. "केराबाईनं सांगितलं मला. तुम्ही कुणाला बोलला नाहीत ना? मांजराची जात ती, दहीभातावर जगतीय होय? मी रोज तो भात पलीकडच्या शेळीला घालते. केराबाईला महिन्याला तांब्याभर शेंगाचटणी देते, ती हिचं बघते. बाहेरच्या बाहेर हाय, घरात काही येत नाही. पण यांना सांगू नका. यांचा लई जीव हाय त्या यादीवर."

"सांगत नाही, अव्वा."

संध्याकाळी आप्पा म्हणाले, "चला, पान खाऊन येऊ." पानं तोंडात घालून तिप्पण्णाच्या दुकानाच्या पुढे गेल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं आणि मानसिंगच्या खांद्यावर हात ठेवला.

"मागच्या दारावर नखांचे ओरखडे दिसले. अडसर घातला होता का हो तुम्ही?"

मानसिंगच्या तोंडातलं पान तिथेच राहिलं. "हो. पहिले तीन दिवस."

"घालत जाऊ नका. गिरणीत होतो तेव्हा दुपारी पाळी सुटली की मी बोळातनंच यायचो. केराबाईच्या पायरीवर बसलेली असायची ती, मिशा चाटत. सात वर्षं बघतोय. आमच्या हिला कळलं तर अंघोळ घातल्याशिवाय घरात घ्यायची नाही तिला. म्हणून सकाळची दूध-भाकरी मी घालतो म्हणतो, आणि ही पूजेला बसली की मीच खाऊन टाकतो." आप्पांनी पानाची पिंक टाकली. "भाकरी कालची का, ते कळलं ना आता? ताजी मला आवडत नाही. हिला सांगू नका."

"नाही सांगत, आप्पा," मानसिंग म्हणाला. त्या दिवसांत आपल्यालाही ती कालचीच बरी लागली होती, हे मात्र त्यानं पानाबरोबर गिळून टाकलं.

शुक्रवारी मोडनिंबच्या गाडीनं सोजर आली. ट्रंक, दोन पातेली, पोळपाट, आणि आईनं दिलेली चुलीची माती सुद्धा. एसटीच्या टपावरून ट्रंक उतरवताना कंडक्टरनंही हात लावला. तो म्हणाला, आता मागची सीट दुसऱ्या कुणाला देतो. पहिल्या दोन दिवसांतच सोजर नीलव्वांकडून कडक भाकरी थापायला शिकली. बेक्कूसाठी बशीत दूध-भाकरी ठेवलेली दिसेल, ती कोण संपवतं ते बघायचं नाही, एवढंच मानसिंगनं तिला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. दोन माणसांना शब्द दिला होता.

रविवारी बाराच्या सुमाराला तो शर्ट घालायला लागला. "कचेरीतलं जरा काम आहे," त्यानं सांगितलं. आपल्या बायकोला मटण किती आवडतं हे त्याला चांगलं माहीत होतं, आणि ह्या घरात आल्यावर तिला ते मिळणार नाही, ह्याचं त्याला वाईट वाटत होतं. एकट्यानं खायला जाताना तर फारच वाटत होतं. पण सोजरनं काही विचारलं नाही. "मी पण जरा देवळात जाऊन येते," ती म्हणाली.

मानसिंग लांबून वळसा घालून बोळात आला. आता स्टँडपर्यंत जायचं कारण उरलं नव्हतं. केराबाईच्या खाणावळीत गर्दी होती. त्याला जागा मिळेना तेव्हा केराबाईनं आतल्या चुलीकडे बोट दाखवलं. "तितं बसा. आत आपलीच मान्सं हायती."

आत चुलीजवळ सोजर बसली होती. पुढ्यात ताट, ताटात भाकरी कुस्करलेली, पदर कमरेला खोचलेला. मांडीला टेकून बेक्कू. सोजर वाटीतल्या पाण्यात मटणाचा तुकडा धुवत होती आणि बेक्कू तिच्या बोटांकडे एकटक बघत होती.

मानसिंगला बघून सोजर दचकली नाही. तिनं तुकडा बेक्कूच्या ताटात ठेवला, हात पदराला पुसला आणि बाजूला सरकून जागा केली.

"भोंगा झाला की ही मोरीतनं जाती कुटं, म्हणून काल हिच्या मागनं आले," ती म्हणाली. "बसा की. रस्सा चांगला झालाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पर आप्पांना आन् अव्वांना सांगू नका हं. चांगली मान्सं हायती. त्यांना वाईट वाटंल."

मानसिंग पाटावर बसला. "नाही सांगत," तो म्हणाला, आणि केराबाईनं तिसरं ताट पुढे सरकवलं.